रात्र काळी का असते? नारळीकरांचे विश्व आणि सिद्धांताची कसोटी

तळेगावहून चाकणकडे निघाले की इंद्रायणीच्या काठावर इंदुरी लागते. सरसेनापती खंडेराव दाभाडे यांनी अठराव्या शतकात बांधलेला किल्ला ही या गावाची जुनी ओळख. आता एका बाजूला तळेगावची आणि दुसऱ्या बाजूला चाकणची औद्योगिक वसाहत वाढली आहे, त्यामुळे रात्री पूर्वीइतके तारे दिसत नाहीत. तरीही अमावास्येला वीज गेली की आकाश काळेभोर होते आणि त्यावर तारे उठून दिसतात. हे दृश्य इतके रोजचे आहे, की त्यात काही कोडे असेल असे मनात येत नाही. सूर्य मावळला, अंधार पडला. त्यात विचारायचे काय?

विचारायचे आहे ते असे. सूर्य हा एक तारा. विश्वात असे तारे अगणित. मग एक तारा मावळल्यावर बाकीचे सगळे मिळून आकाश उजळून का टाकत नाहीत? योहानेस केप्लर यांना हा प्रश्न १६१० मध्ये पडला होता. पुढे १८२३ मध्ये जर्मन खगोलज्ञ हाइन्रिख ओल्बर्स यांनी तो नीट मांडला, म्हणून त्याला ‘ओल्बर्सचा विरोधाभास’ म्हणतात. या कोड्याच्या मागे गेले की विसाव्या शतकातला विश्वशास्त्रातला सर्वांत मोठा वाद लागतो, त्या वादाच्या ऐन मध्यात डॉ. जयंत नारळीकर भेटतात, आणि विज्ञान एखादी गोष्ट खरी की खोटी हे कसे ठरवते, याचा एक उत्तम धडा मिळतो.

उसाच्या फडातले कोडे

‘तारे फार दूर आहेत, म्हणून त्यांचा उजेड पोचत नाही’ हे सुचणारे पहिले उत्तर. ते पुरत नाही. आपल्याभोवती ताऱ्यांचे सारख्या जाडीचे थर आहेत अशी कल्पना करू. एक थर जवळचा, दुसरा त्याच्या दुप्पट अंतरावरचा. दुप्पट अंतरावरच्या ताऱ्याचा उजेड आपल्याला एकचतुर्थांश मिळतो. पण दुप्पट अंतरावरच्या थराचे क्षेत्रफळ चौपट असते, म्हणून त्यात तारेही चौपट असतात. एकचतुर्थांश गुणिले चार म्हणजे एक. दूरचा थर जवळच्या थराइतकाच उजेड देतो. थर अनंत असतील, तर उजेडाची बेरीज थांबायलाच नको.

उभ्या उसाच्या फडात मधोमध शिरून पाहावे. जवळच्या दोन उसांमधल्या फटीतून मागचा ऊस दिसतो, त्या फटीतून त्याच्याही मागचा. कोणत्याही दिशेला नजर टाकली तरी ती कुठल्या तरी उसावर जाऊन थांबते. फड मोठा असेल तर पलीकडचा रस्ता दिसत नाही. फड चारच सऱ्यांचा असेल, तरच फटीतून रस्ता दिसतो. विश्व अनंत असेल, अनादी असेल आणि त्यात तारे सगळीकडे पसरलेले असतील, तर आपली नजरही प्रत्येक दिशेला एखाद्या ताऱ्याच्या पृष्ठभागावर जाऊन थांबली पाहिजे, आणि सगळे आकाश सूर्यबिंबाइतके तेजस्वी दिसले पाहिजे. प्रत्यक्षात ते काळे दिसते. म्हणजे आपल्या गृहीतकांपैकी किमान एक चूक आहे. कोणते?

एका अंधाराची दोन उत्तरे

१९२९ मध्ये अमेरिकन खगोलज्ञ एडविन हबल यांनी दाखवले, की दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे समूह, जितक्या दूर तितक्या अधिक वेगाने आपल्यापासून लांब जात आहेत. अवकाशच प्रसरण पावत आहे. अवकाश ताणले जाते तेव्हा त्यातून येणाऱ्या प्रकाशाच्या लहरीही ताणल्या जातात. लहर लांब झाली की प्रकाश तांबड्या रंगाकडे सरकतो. याला ‘ताम्रसृती’ म्हणतात. लांब लहरीच्या प्रकाशात ऊर्जा कमी असते.

या प्रसरणातून दोन वेगळी विश्वे कल्पिता येतात.

पहिल्यात प्रसरण उलटे फिरवले जाते. आज दूर जाणाऱ्या दीर्घिका पूर्वी जवळ होत्या, त्याआधी आणखी जवळ, आणि एका क्षणी सारे द्रव्य अतिशय दाट आणि तप्त होते. हा महास्फोट सिद्धांत. आजच्या मोजणीनुसार त्या क्षणाला सुमारे १३८० कोटी वर्षे झाली. या विश्वात रात्र काळी असण्याचे मुख्य कारण सोपे आहे. विश्वाला वय आहे, त्यामुळे फार लांबच्या ताऱ्यांच्या प्रकाशाला इथवर यायला वेळच मिळालेला नाही. आपल्याला दिसतो तो फडाचा छोटासा भाग.

दुसरे विश्व १९४८ मध्ये केंब्रिजमधल्या तीन शास्त्रज्ञांनी मांडले: हरमन बाँडी, टॉमस गोल्ड आणि फ्रेड हॉईल. त्यांच्या मते विश्वाला आरंभ नाही आणि अंतही नाही. दीर्घिका दूर जातात आणि मोकळी होणारी जागा नव्याने निर्माण होणाऱ्या द्रव्याने भरते, म्हणून विश्व कोणत्याही काळी एकसारखेच दिसते. हा स्थिर स्थिती सिद्धांत. त्याला लागणारी द्रव्यनिर्मिती अगदी थोडी होती. एका घनमीटर जागेत शंभर कोटी वर्षांत साधारण एक हायड्रोजन अणू. या विश्वातही रात्र काळीच असते, कारण अतिदूरच्या ताऱ्यांचा प्रकाश ताम्रसृतीमुळे इतका क्षीण होतो की त्याची बेरीज मर्यादेत राहते.

इथे थोडे थांबले पाहिजे. अंधार तोच आहे, आणि परस्परविरोधी असलेले दोन्ही सिद्धांत त्याचा खुलासा देतात. मग अंधाराकडे बोट दाखवून दोघांपैकी कोणालाच ‘मी खरा’ म्हणता येत नाही. आधीच माहीत असलेल्या गोष्टीचा खुलासा देणे हे सिद्धांताचे पहिले काम आहे, पण त्याची खरी परीक्षा वेगळी. व्हिएन्नात जन्मलेले तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९३४ च्या आपल्या ग्रंथात ती परीक्षा सांगितली: सिद्धांताने आधी सांगावे, की अमुक दिसले तर मी चुकलो. या गुणाला ‘खंडनक्षमता’ म्हणतात. काहीही घडले तरी जो सिद्धांत ‘हे माझ्याशी जुळतेच’ असे म्हणतो, तो बलवान वाटतो. पण जगाबद्दल तो काहीच सांगत नसतो. बाँडी हे पॉपर यांचे मोठे चाहते होते. स्थिर स्थिती सिद्धांताने आपली मान पुढे करून ठेवली होती: दूरचे विश्व जवळच्या विश्वापेक्षा वेगळे दिसले, तर आम्ही संपलो.

दूरचे म्हणजे जुने

‘दूरचे विश्व’ हीच कसोटी का, याचे उत्तर प्रकाशाच्या वेगात आहे. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो, तरी ताऱ्यांमधली अंतरे इतकी मोठी आहेत की त्याला वर्षानुवर्षे लागतात. हिवाळ्यात मावळातून दक्षिणेला खाली अगस्तीचा ठळक तारा दिसतो. तो सुमारे ३१० प्रकाशवर्षे दूर आहे. आज इंदुरीत डोळ्यात शिरणारा अगस्तीचा प्रकाश तिथून निघाला, तो काळ खंडेराव दाभाडे यांच्या सेनापतिपदाच्या सुमाराचा. अगस्ती आज कसा आहे ते आपल्याला दिसत नाही. तेव्हा कसा होता ते दिसते.

जितके दूर पाहावे तितके जुने विश्व दिसते. म्हणून दोन सिद्धांतांमधला वाद दुर्बिणीने सुटू शकतो. महास्फोट म्हणतो, विश्व बदलत आले आहे, तेव्हा दूरचे म्हणजे जुने विश्व वेगळे दिसेल. स्थिर स्थिती म्हणते, ते सारखेच दिसेल. आता दोन्ही सिद्धांत एकाच वेळी खरे ठरू शकत नाहीत.

मोजणीची लढाई

जयंत नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूरचा. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आई सुमती संस्कृतच्या जाणकार. बनारसचे शिक्षण आटोपून १९५७ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि पुढे फ्रेड हॉईल यांचे संशोधक विद्यार्थी झाले.

त्याच केंब्रिजमध्ये मार्टिन राईल हे रेडिओखगोलज्ञ हॉईल यांचे कट्टर प्रतिस्पर्धी होते. आकाशातल्या काही दीर्घिका रेडिओलहरी फेकतात आणि त्या फार दूरवरूनही टिपता येतात. राईल अशा स्रोतांची मोजदाद करत होते. त्यांचे गणित समजायला सोपे आहे. स्रोत सगळीकडे सारखे पसरले असतील आणि विश्व न बदलणारे असेल, तर दुप्पट अंतरापर्यंत पाहिल्यावर आठपट घनफळ टप्प्यात येते. दुप्पट अंतरावरचा स्रोत एकचतुर्थांश तेजाचा दिसतो. म्हणजे चौपट मंद स्रोतांपर्यंत मोजले की संख्या आठपट व्हायला हवी. स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणामुळे ती आठपेक्षा थोडी कमीच भरायला हवी.

राईल यांना ती बरीच जास्त मिळाली. १९६१ मधल्या त्यांच्या गटाच्या मोजणीप्रमाणे वाढ सुमारे बारापट होती. याचा अर्थ दूरवर, म्हणजे पूर्वीच्या काळी, असे स्रोत अधिक होते. विश्व बदलले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीत लंडनच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत या दाव्याला उत्तर द्यायचे होते. हॉईल यांना दुसरीकडे व्याख्यान होते, म्हणून त्यांनी बावीस वर्षांच्या नारळीकरांना उभे केले. हॉईल आणि नारळीकर यांनी मिळून मांडलेला मुद्दा असा: विश्व फार मोठ्या प्रमाणावर एकसारखे असले, तरी आपल्या आसपास स्रोतांची दाटी-विरळ असू शकते, आपण थोड्या विरळ भागात असू, तर दूरचे स्रोत उगाच जास्त भासतील.

ही पळवाट होती का? इथे विज्ञानाचे तत्त्वज्ञान खरे रंगते. सिद्धांत कधीच एकटा तपासला जात नाही. त्याच्यासोबत उपकरण बिनचूक आहे, मोजणी नीट झाली, आपण विश्वात सर्वसाधारण जागी आहोत, अशी बरीच गृहीतके तपासली जातात. भाकीत चुकले तर दोष कुणाचा, हे लगेच कळत नाही. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर ड्यूएम यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा मुद्दा सांगितला होता. नारळीकरांचा संशय निराधार नव्हता, याला तसेच कारण होते. राईल यांनी १९५५ मध्ये १९३६ स्रोतांची यादी जाहीर करून स्थिर स्थिती खोटी ठरल्याचे सांगितले होते. पण ऑस्ट्रेलियातल्या बर्नार्ड मिल्स यांच्या गटाला आकाशाच्या त्याच भागात वेगळेच चित्र दिसले. राईल यांच्या दुर्बिणीला जवळजवळचे अनेक मंद स्रोत वेगळे करता येत नव्हते, आणि यादीतले बरेच ‘स्रोत’ खरे नव्हतेच. १९६१ ची मोजणी मात्र सुधारलेली होती, आणि ती पुढे टिकली.

म्हणजे एका निरीक्षणाने सिद्धांत कोसळत नाही, आणि तसा कोसळूही नये. पण वेगवेगळ्या वाटांनी आलेली निरीक्षणे एकच गोष्ट सांगू लागली, की दोष निरीक्षणावर ढकलणे अवघड होत जाते.

उटीहून आलेली साक्ष

अशा वेगळ्या वाटांपैकी एक भारतात होती. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उटीजवळ ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी रेडिओ दुर्बीण उभारली आणि ती १९७० मध्ये सुरू झाली. तिचे काम हुशारीचे होते. चंद्र आकाशात सरकताना कधीकधी एखाद्या दूरच्या रेडिओस्रोताला झाकतो. चंद्राची कड स्रोतावरून जाताना संकेत एकदम तुटला तर स्रोत लहान, हळूहळू कमी झाला तर मोठा. चंद्राच्या कडेचा असा उपयोग करून स्रोतांचे आकार मोजता आले.

१९७५ मध्ये गोविंद स्वरूप आणि विजय कपाही यांनी या मोजणीचा निष्कर्ष मांडला. मंद स्रोतांचे आकार आणि तेज यांचा मेळ न बदलणाऱ्या विश्वात नीट बसत नव्हता. पूर्वीचे विश्व आजच्यापेक्षा वेगळे होते असे मानले की तो बसत होता. राईल यांनी संख्या मोजली होती, इथे आकार मोजले होते. पद्धत निराळी होती, दुर्बीण निराळी होती, आणि निष्कर्ष त्याच दिशेचा होता.

नारळीकर १९७२ पासून त्याच टाटा संस्थेत होते. पुढे १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात ‘आयुका’ हे आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र केंद्र स्थापन केले. स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र त्याच गणेशखिंडच्या विद्यापीठ परिसरात शेजारी उभे राहिले, आणि नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण झाली. स्थिर स्थितीची बाजू मांडणारा आणि तिच्याविरुद्ध पुरावा देणारा, असे दोन थोर शास्त्रज्ञ पुण्यात एकमेकांचे शेजारी होते आणि दोघांनी मिळून देशाचे खगोलशास्त्र वाढवले. मतभेद आणि सहकार्य एकत्र नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला लांब जावे लागणार नाही.

आकाश खरोखर काळे आहे का?

सर्वांत मोठा धक्का मात्र १९६५ मध्येच बसला होता. अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या बेल प्रयोगशाळेत आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन एका शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. तिच्यात एक बारीक खरखर सतत येत होती. अँटेना कुठल्याही दिशेला वळवली, दिवस असो वा रात्र, खरखर तशीच. आत राहिलेली कबुतरे हुसकावली, त्यांची विष्ठा साफ केली, तरी ती गेली नाही. ती सगळ्या आकाशातून येणाऱ्या सूक्ष्मलहरींची होती.

महास्फोट सिद्धांताने ही गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ मध्ये गणित मांडले होते, की आरंभीच्या तप्त अवस्थेची धग आजही विश्वात शिल्लक असेल आणि तिचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ५ अंश असेल. निरपेक्ष शून्य म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअस, ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही. पेंझियास आणि विल्सन यांना सुमारे साडेतीन अंश मिळाले. आजची अचूक मोजणी २.७ अंश. या शोधाला १९७८ चे नोबेल मिळाले.

ही धग येते कुठून? महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व इतके तप्त होते की प्रकाश मोकळा फिरू शकत नव्हता. तापमान सुमारे तीन हजार अंशांवर आले तेव्हा अणू बनले, विश्व पारदर्शक झाले आणि प्रकाश सुटला. तेव्हापासून अवकाश सुमारे ११०० पट ताणले गेले, त्या प्रकाशाच्या लहरीही तितक्याच ताणल्या गेल्या, आणि त्याचे सूक्ष्मलहरींत रूपांतर झाले.

म्हणजे ओल्बर्स यांची शंका एका अर्थाने बरोबर होती. प्रत्येक दिशेला आपली नजर अखेर एका तप्त, तेजस्वी पडद्यावरच जाऊन थांबते. तो पडदा ताऱ्यांचा नसून बाल्यावस्थेतल्या विश्वाचा आहे. तो आपल्याला दिसत नाही, कारण ताम्रसृतीने त्याचा उजेड डोळ्यांच्या टप्प्याबाहेर नेला. रात्र काळी आहे ती आपल्या डोळ्यांना. सूक्ष्मलहरी टिपणाऱ्या अँटेनाला सगळे आकाश, जवळपास एकसारखे, उजळलेले दिसते.

स्थिर स्थिती सिद्धांताने या धगीबद्दल आधी काहीच सांगितले नव्हते. तिथून पुढे बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले.

हरलेल्या सिद्धांताने काय दिले

हरलेला सिद्धांत म्हणजे वाया गेलेले आयुष्य, असे समजणे चूक आहे. स्थिर स्थितीच्या विश्वाला तप्त आरंभ नाही. मग कार्बन, प्राणवायू, लोह ही मूलद्रव्ये कुठे तयार झाली? हॉईल यांना ती ताऱ्यांच्या पोटातच तयार झाली असे दाखवणे भाग होते. त्या गरजेतून त्यांनी १९५३ मध्ये एक धाडसी भाकीत केले: कार्बनच्या अणुकेंद्राला एक विशिष्ट ऊर्जापातळी असलीच पाहिजे, नाहीतर ताऱ्यांत पुरेसा कार्बन बनणार नाही. कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत शोधल्यावर ती सापडली. आपल्या शरीरातला कार्बन ताऱ्यांत शिजला आहे हे आज पाठ्यपुस्तकात आहे. ते ज्ञान एका हरलेल्या सिद्धांताच्या बाजूने लढताना मिळाले.

दुसरी गोष्ट तितकीच बोलकी आहे. स्थिर स्थितीच्या विश्वात प्रसरणाचा वेग वाढत जातो. अनेक दशके महास्फोटवाद्यांचा समज उलट होता. गुरुत्वामुळे प्रसरण मंदावत असणार असे ते धरून चालले होते. १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांतून प्रसरण खरोखर वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसले. याने स्थिर स्थिती सिद्धांत परत आला नाही, पण महास्फोटाच्या चित्रात मोठी दुरुस्ती करावी लागली.

नेपच्यून की व्हल्कन?

ती दुरुस्ती म्हणजे ‘कृष्णऊर्जा’. त्याआधी दीर्घिकांच्या फिरण्याचा वेग समजण्यासाठी ‘कृष्णद्रव्य’ मानावे लागले होते. आजच्या हिशेबात विश्वातले ओळखीचे द्रव्य फक्त सुमारे ५ टक्के. सुमारे २७ टक्के कृष्णद्रव्य आणि ६८ टक्के कृष्णऊर्जा. ही दोन्ही कशाची बनली आहेत हे कोणालाही माहीत नाही. नारळीकर यांची प्रचलित विश्वशास्त्रावरची टीका मुख्यतः इथे होती. प्रत्येक नव्या अडचणीला एक नवी न दिसणारी गोष्ट जोडत गेलो, तर सिद्धांत वाचतो की खंडनाच्या आवाक्याबाहेर जातो?

इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. युरेनस ग्रह न्यूटनच्या गणितापेक्षा वेगळा चालतो असे दिसले, तेव्हा फ्रान्सच्या ल व्हेरिए यांनी एका न दिसणाऱ्या ग्रहाची कल्पना केली. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. पुढे बुधाच्या चालीतही फरक दिसला. ल व्हेरिए यांनी पुन्हा एक न दिसणारा ग्रह मानला आणि त्याचे नाव व्हल्कन ठेवले गेले. तो कधीच सापडला नाही. तो फरक, शतकाला ४३ विकला इतक्या बारीक कोनाचा, १९१५ मध्ये आइनस्टाइन यांच्या नव्या गुरुत्वसिद्धांताने सुटला. एकच युक्ती एकदा विजय ठरली आणि एकदा भ्रम. कृष्णद्रव्य हे आपले नेपच्यून आहे की व्हल्कन, हे पुढचे पुरावेच सांगतील. आजवरचा भार मात्र कृष्णद्रव्याच्या बाजूने आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे.

नारळीकर यांनी केवळ टीका केली नाही. हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासोबत १९९३ मध्ये त्यांनी सुधारित सिद्धांत मांडला. त्यात विश्व अनादीच आहे, पण सुमारे पाच हजार कोटी वर्षांच्या आवर्तनांत ते फुगते आणि आकसते. सूक्ष्मलहरींची धग ही जुन्या ताऱ्यांचा प्रकाश लोहाच्या बारीक तंतूंनी शोषून पुन्हा फेकल्यामुळे तयार होते, असे त्यांचे म्हणणे होते. धगीतल्या अतिसूक्ष्म चढउतारांचे उपग्रहांनी केलेले नकाशे महास्फोटाच्या चित्राशी अधिक सहज जुळतात, म्हणून बहुतेक शास्त्रज्ञांनी हा पर्याय स्वीकारला नाही. तरीही त्यांच्या भूमिकेचे मोल कमी होत नाही. ज्याला सगळे मानतात त्यालाही कोणीतरी सतत प्रश्न विचारत राहिले पाहिजे, आणि प्रश्न विचारणाऱ्याने आपला पर्यायही कसोटीला ठेवला पाहिजे. नारळीकर यांनी दोन्ही केले.

तोच नियम कुंडल्यांना

विश्वाला लावलेली हीच मोजपट्टी त्यांनी आपल्या घराघरातल्या एका गोष्टीलाही लावली. २००८ मध्ये पुण्यात त्यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी ज्योतिष अभ्यासलेले प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. ‘ज्योतिष खरे की खोटे’ असा मोघम प्रश्न घेतला असता, तर वाद कधी संपला नसता. त्यांनी एक नेमका दावा निवडला: कुंडलीवरून मूल हुशार आहे की मतिमंद, हे सांगता येते.

शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून कुंडल्या केल्या. नावे काढून प्रत्येकीला सांकेतिक क्रमांक दिला, म्हणजे कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिषांना कळू नये. प्रत्येक ज्योतिषाला यदृच्छेने निवडलेल्या ४० कुंडल्या दिल्या. निकाल येण्याआधीच ठरवले, की ४० पैकी किमान २८ बरोबर आल्या तर दावा विचारात घेण्याजोगा मानायचा. नुसते नाणे उडवून उत्तर दिले तरी सरासरी २० बरोबर येतातच, म्हणून कसोटी त्याच्या बरीच वर हवी होती.

२७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल २४ चा होता, सरासरी सुमारे ४६ टक्के. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली. २४ हा आकडा काहींना चांगला वाटेल. पण संभाव्यतेचे गणित सांगते, की २७ माणसांनी प्रत्येकी ४० वेळा नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर त्यांतल्या तिघा-चौघांना निव्वळ योगायोगाने २४ किंवा जास्त मिळाले असते. हा निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या चाचणीचे मोल निकालापेक्षा रचनेत अधिक आहे. दावा नेमका, अट आधी ठरवलेली, माहिती झाकलेली, आणि ज्योतिषी जिंकले असते तर तेही जाहीर करण्याची तयारी. १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांताने दाखवलेली हिंमत हीच होती. कसोटीनंतरचे वर्तनही तितकेच महत्त्वाचे. स्थिर स्थितीचे समर्थक चाळीस वर्षे नवे गणित मांडत आणि नवी भाकिते करत राहिले. हरल्यावर त्यांनी अट बदलून जिंकल्याचा दावा केला नाही.

चौकट : थोडक्यात

• विश्व अनंत, अनादी आणि प्रसरण न पावणारे असते, तर रात्रीचे आकाश सूर्यासारखे तेजस्वी दिसले असते. विश्वाचे मर्यादित वय आणि प्रसरण यांमुळे ते काळे दिसते.

• ज्या गोष्टीचा खुलासा दोन्ही सिद्धांत देतात, ती गोष्ट त्यांच्यात निवड करू शकत नाही.

• चांगला सिद्धांत काय दिसले तर आपण चुकलो, हे आधी सांगतो.

• एक निरीक्षण पुरत नाही. ते स्वतःही चुकू शकते. वेगळ्या पद्धतींनी आलेली निरीक्षणे जुळली की निकाल पक्का होतो.

• स्थिर स्थिती सिद्धांत टिकला नाही, पण ताऱ्यांतल्या मूलद्रव्यनिर्मितीचे ज्ञान त्याच्यामुळे वेगाने पुढे आले.

आपल्यासाठी

२० मे २०२५ रोजी नारळीकर यांचे पुण्यात निधन झाले. त्यांना पद्मविभूषण मिळाले, मराठी आत्मचरित्रासाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. पण त्यांनी मराठी समाजाला दिलेली सर्वांत उपयोगी गोष्ट कोणीही, कोणतीही पदवी नसताना वापरू शकतो. नवे औषध, चमत्कारी खत, भविष्य, गुंतवणुकीची योजना किंवा एखादा राजकीय सिद्धांत समोर आला, की त्याच्या समर्थकाला एकच प्रश्न विचारावा: काय घडले तर तुमचे म्हणणे चुकले असे तुम्ही मान्य कराल? उत्तर नेमके असेल तर पुढे तपासण्यात अर्थ आहे. ‘असे काही घडूच शकत नाही’ असे उत्तर आले, तर वेळ वाया घालवू नये. हा प्रश्न आपल्या आवडत्या मतांनाही विचारावा. तिथे तो विचारणे सर्वांत अवघड जाते आणि त्याचा उपयोगही तिथेच सर्वाधिक होतो.

शाळांमधल्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती. प्रयोग सुरू करण्याआधी मुलांना वहीत दोन ओळी लिहायला सांगा: मला काय दिसेल असे वाटते, आणि काय दिसले तर माझा अंदाज चुकला असे मी मानेन. नंतर प्रयोग करा. अंदाज चुकलेल्या मुलाचे गुण कापू नका. ज्याने अट आधी लिहिली आणि निकाल प्रामाणिकपणे मांडला, त्याला पूर्ण गुण द्या.